मेला की रिमोट दे

मी डावखुरी आहे. लिहिण्यासाठी शाळेतल्या बाईंनी आणि जेवण्यासाठी आईने मारून मारून माझा हात उजवा करून घेतला, पण मारण्यासाठी तो डावाच राहिला. मारायला कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. ह्याच डाव्या हाताने मी चौदा वर्षांची असताना माझ्या दहा वर्षांच्या भावाच्या उजव्या कानाचा पडदा फोडला. त्याचा दोष बाबांवर गेला आणि तेवीस वर्षं बाबांवरच राहिला. मी मूग गिळून बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कोणी गरीब गाय समजायला नको.

बाबा जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात फोर्ज शॉपमध्ये होते. तिथे दिवसभर लालभडक लोखंडावर यंत्राचे घण पडायचे. त्या दणदणाटात बाबांचे दोन्ही कान अर्धेअधिक गेले होते. त्यामुळे आमच्या क्वार्टरमध्ये सगळं ओरडूनच चालायचं. मीठ मागायचं तरी ओरडून, देवाला हात जोडायचे तरी ओरडून. नवा शेजारी आला की पहिले आठ दिवस त्याला वाटायचं, ह्यांच्याकडे मारामारी चालली आहे. अर्ध्या वेळा त्याचं बरोबरच असायचं. बाबा आम्हाला हाताने मारत, आई लाटण्याने, आणि मी भावाला जे हाताला लागेल त्याने. त्याच्या दंडावर माझ्या दातांची खूण अजून आहे. माझ्या भुवईत त्याने फेकलेल्या कंपासपेटीची खूण आहे. त्या वेळी ह्याला कोणी हिंसा म्हणत नव्हतं. पोरं आहेत, भांडणारच, एवढंच म्हणायचे.

आणि भांडायला आमच्याकडे एक पक्कं कारण होतं. सदर बाजारातल्या एका दुकानातून बाबांनी एका दिवाळीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यातल्या एका कॅसेटवर आमचा जीव होता. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस गुहेतून पळायचा, दगडावरून दगडावर उड्या मारायचा, खाली पडला की मरायचा. आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो. त्याचे पुढे आणखी दोन भाग आले, तेही आम्ही मिळवले. पोरांच्या भाषेत त्याला तीन 'जान' असायच्या. टीव्हीवरचा खेळ चालवायच्या बटणांच्या पट्टीला आम्ही रिमोट म्हणायचो, आणि तो एकच चांगला होता, दुसऱ्याची उडीची कळ बसलेली. म्हणून घरात कायदा झाला, मेला की रिमोट दे. एक जान गेली की दुसऱ्याची पाळी. ह्या कायद्याने आमच्या घरात जेवढे केस उपटले गेले तेवढे गंगेकाठी मुंडनालाही कोणी दिले नसतील.

भाऊ माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे मला सहन होत नव्हतं. मी मोठी, पहिला नंबर माझा, आणि हा काटकुळा पोरगा जीभ बाहेर काढून असा खेळायचा की कंदीलवाला मरायचाच नाही. मग माझी पाळी कशी येणार?

मे महिन्यातली दुपार होती. आई शेजारी पापड लाटायला गेली होती, बाबा पहिल्या पाळीला कारखान्यात. भावाने दुसऱ्या भागाची सुरुवात केली आणि दीड तास झाला तरी तो मेला नाही. मी बाजूला बसून होते. कूलरचं पाणी संपलं, ते भरायला तो मलाच सांगत होता, "ताई, तूच भर ना, मी खेळून राहिलो." मी भरलं. परत आले तर तो शेवटच्या गुहेत पोचलेला. तिथे मी कधीच पोचले नव्हते. अजून तीन उड्या मारल्या असत्या तर खेळ संपला असता आणि तो पहिला ठरला असता.

मी त्याच्या कोपराला धक्का दिला. चुकून नाही, ठरवून दिला. कंदीलवाला खाली कोसळला. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "मेला. दे."

त्याने रिमोट दिला, पण माझ्या तोंडावर फेकून. ओठ फुटला, तोंडात खारट चव आली, आणि माझ्या डोक्यात काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी उठले आणि डाव्या हाताने, खांद्यापासून जोर काढून, उघड्या पंजाने त्याच्या उजव्या कानावर मारलं. आवाज असा आला की मीच दचकले. तो आडवा झाला. पाय झाडत होता. त्याच्या कानातून रक्ताची बारीकशी धार निघून मानेपर्यंत आली होती. मी फ्रॉकच्या टोकाने ती पुसली. तो रडायला लागला तेव्हा कापडावरचं रक्त त्याने पाहिलं. मी म्हटलं, "नाकातून आलं तुझ्या. उन्हाने येते. आणि बाबांना सांगितलंस ना, तर दुसऱ्यांदा मारीन." तो दहा वर्षांचा होता. त्याने मान हलवली.

दोन तासांनी बाबा आले. टीव्ही तापलेला, कूलर पुन्हा कोरडा पडून घरघर करत असलेला, माझा ओठ सुजलेला, भावाचे डोळे लाल. बाबांनी काही विचारलं नाही, ते कधीच विचारत नसत. मला पाठीत दोन धपाटे बसले आणि भावाला एक थप्पड बसली, त्यांच्या उजव्या हाताची, डाव्या गालावर. दिवसभर लोखंड उचलणारा हात होता तो. भाऊ भिंतीवर जाऊन आपटला. रात्री तो आईला म्हणाला, कानात शिट्टी वाजते आहे. आईने बाबांना शिव्या घातल्या आणि लसूण घालून तेल कोमट केलं. फुटलेल्या कानात ते तेल तिने चार दिवस घातलं. कान वाहिला, ताप आला, मग उतरला. शाळा सुरू झाली आणि सगळे विसरले.

त्याला एका कानाने ऐकू येत नाही हे आठ वर्षं कोणाला कळलं नाही. कसं कळणार? आमच्या घरात कोणी हळू बोलतच नव्हतं. दुसऱ्या एखाद्या घरात आईने पहिल्या महिन्यातच ओळखलं असतं.

भावाला फौजेत जायचं होतं. छावणीच्या गावात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? पहाटे उठून पळायचा, दोरीवर चढायचा, अंगाला राईचं तेल चोपडून दंड काढायचा. अठराव्या वर्षी तो भरतीला गेला, पळण्यात पहिल्या पाचात आला. मग डॉक्टरने त्याचा डावा कान बंद करून मागून कुजबुजत शब्द म्हटले, आणि हा शांतपणे उभा राहिला. त्याला वाटत होतं, डॉक्टर अजून बोललाच नाही.

बाबा त्याच्याबरोबर होते, पुढचं त्यांच्याच समोर झालं. डॉक्टरने विचारलं, "बचपन में कोई चोट? किसी ने कान पर मारा था?" आणि बाबा भावाच्या आधी बोलले, "जी. मैंने मारा था." त्यांना ती मे महिन्यातली थप्पड आठवत होती, कानातली शिट्टी आठवत होती, आईच्या शिव्या आठवत होत्या. थप्पड कोणत्या गालावर बसली होती ह्याचा हिशोब करायला त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भावाचं तर नव्हतंच.

घरी आल्यावर भावाने बाबांची कॉलर धरली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्याने बाबांना भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बाबांचं डोकं कपाटाच्या कोपऱ्याला लागलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. "नाश कर दिया मेरा! माझं आयुष्य खाल्लं तू!" असं तो हिंदीत आणि मराठीत ओरडत होता. त्याने बाबांना पहिल्यांदाच तू म्हटलं. बाबांनी हात वर केला नाही. त्याच्यापेक्षा त्यांच्या अंगात तेव्हाही जास्त ताकद होती, पण ते नुसते मार खात राहिले. आई मध्ये पडली तेव्हा तिच्याही पोटात कोपर बसलं. आणि मी? बावीस वर्षांची, बीएड करत असलेली, उद्या दुसऱ्यांची पोरं शिकवणार असलेली मी काय करत होते? मला मनातून वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्या दिवसानंतर भाऊ घरात राहिला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला एका मित्राकडे राहायला गेला, तिथेच पुढे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं. बाबांशी एक शब्द बोलला नाही. आईनेही बाबांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ती ताट त्यांच्यापुढे सरकवायची, वाढायची नाही. आपलं अंथरूण तिने पुढच्या खोलीत आणलं. आठ वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या तिरडीला बापाने आणि लेकाने एकमेकांकडे न बघता खांदा दिला. त्यानंतर बाबा माझ्याकडे राहायला आले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कानाला यंत्र आहे, ते बहुतेक वेळ बंदच ठेवतात. त्या भरतीच्या दिवसापासून त्यांनी कोणावर हात उगारला नाही. माझी मुलगी लहानपणी त्यांच्या मिशा ओढायची तेव्हाही ते आपले हात मांडीखाली दाबून बसायचे.

भाऊ वर्षातून एकदा येतो, भाऊबीजेला. बाबा त्या दिवशी आपणहून आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. भाऊ गेला की मी जाऊन दार उघडते. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

मागच्या भाऊबीजेला नवरा मुलीला घेऊन नागपूरला आपल्या बहिणीकडे गेला होता. घरात आम्ही तिघंच होतो. मी भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्याने ताटात साडीचं पाकीट नाही, एक खोका ठेवला. उघडला तर हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आणि पडद्यावर कंदील घेतलेला बुटका माणूस. तिन्ही भाग नव्याने करून एकात घातले होते म्हणे.

"आठवते?" तो हसून म्हणाला. "चल, एक डाव. मेला की दे."

मी खोका परत बंद करायला गेले. पण हसणं भाग होतं, भाऊबीज होती. तेच संगीत, फक्त आता त्याला चार वाद्यं जोडलेली. तेव्हा दगड म्हणजे चार चौकोन असायचे, आता त्यावर शेवाळंही दिसतं. मला ते गुळगुळीत सगळं आवडलं नाही, पण बोटांना उड्या आठवत होत्या. आम्ही सोफ्यावर बसलो, पाळीपाळीने खेळलो. पंचेचाळीस वर्षांची बाई आणि एकेचाळीस वर्षांचा बाप्या, चकल्या खात. अर्धा तास फार चांगला गेला, हेही सांगायला हवं.

मग दुसरा भाग लागला. शेवटच्या गुहेत नव्या लोकांनी एक कारागिरी केली होती. तिथे कंदील विझतो, पडदा काळा होतो आणि वरून दगड येतो. तो कोणत्या बाजूने येतो आहे ते कानाने ऐकायचं आणि उलट बाजूला उडी मारायची. जुन्या टीव्हीला एकच भोंगा होता, तिथे डावं-उजवं काही नव्हतं. ह्याला दोन कानांचे हेडफोन होते, खोक्यातच आलेले.

भावाने ते घातले आणि मेला. मी खेळले, पार झाले, पुढच्या उडीला मेले. तो पुन्हा खेळला, पुन्हा तिथेच मेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. उजवीकडून दगड आला की तो तसाच उभा राहायचा. पाचव्यांदा तो हसला. सातव्यांदा त्याने ती वस्तू सोफ्यावर आपटली. "पता है ताई, काय होऊन राहिलं?" त्याने उजव्या कानावर बोट ठेवलं. "इकडचं येतच नाही. खेळसुद्धा सोडला नाही म्हाताऱ्याने. फौज गेली, आता हेही गेलं." आणि मग तो आतल्या दाराकडे तोंड करून ओरडायला लागला. "सुन रहा है? मर का नाही जात तू? आईला खाल्लं, मला खाल्लं!" त्याने पाटाला लाथ मारली. पाट दारावर जाऊन आदळला.

नंतर मला कळलं, त्या खेळात दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करायची सोय असते. एक कळ दाबली की झालं. त्या दुपारी मला ती माहीत असती तर मी ती दाबली असती आणि मरेपर्यंत गप्प बसले असते. मला स्वतःबद्दल ह्यात काही शंका नाही. पण ती माहीत नव्हती, आणि तो आता दाराला लाथा घालत होता.

मी म्हटलं, "बाबा कोणत्या हाताने मारायचे?"

"काय?"

"सांग ना. कोणत्या हाताने?"

"उजव्या. काहून?"

"मग समोर उभं राहून मारलं तर थप्पड कोणत्या गालावर बसते?"

त्याने हवेत आपला उजवा हात फिरवला. एकदा, मग पुन्हा सावकाश. हात डाव्या बाजूला येऊन थांबला. मग त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी सांगितलं, कापडावरचं रक्त नाकाचं नव्हतं. बाबा त्यानंतर दोन तासांनी घरी आले होते.

त्याने मारलं. मी वाटच पाहत होते. पहिली थप्पड तोंडावर बसली, दुसरी मानेवर. मी ओवाळणीच्या ताटावर पडले, निरांजन उलटून तेल हातावर सांडलं, कुंकू सगळीकडे. त्याने माझे केस धरून मला उठवलं आणि सोफ्यावर ढकललं. मी हात वर केला नाही. तो रडत मारत होता आणि एकच म्हणत होता, "तू बघत होतीस. तू बघत होतीस."

दार उघडलं. बाबांना शब्द ऐकू आले नसतील, पण पाटाचा दणका आणि लाथा त्यांना भिंतीतून जाणवल्या असतील. ते दारात उभे राहिले. भाऊ मूठ वळून त्यांच्याकडे वळला आणि बाबांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं तोंडासमोर. तरी ते तसेच पुढे आले, वाकून, आमच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"मला मार," ते म्हणाले. "तिला काहून मारून राहिला? तिनं काय केलं तुझं?"

तेवीस वर्षांत बाप लेकाशी पहिल्यांदा बोलत होता. भावाची मूठ सुटली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली फरशीवर बसला. सांगायचं मलाच होतं. मी बाबांचं यंत्र चालू केलं, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. धक्का, रिमोट, डावा हात, फ्रॉक.

बाबांनी हात हळूहळू खाली घेतले. ते आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी नाही?"

"नाही बाबा. मी."

"मी नाही ना?" त्यांनी भावाला विचारलं. भावाने नकारार्थी मान हलवली.

मी बाबांच्या पुढे तोंड नेलं. म्हटलं, मारा. माझा ओठ फुटला होता, हनुवटीवर रक्त होतं, आणि मला खरंच त्यांचा मार हवा होता. बाबांनी मारलं नाही. ते सोफ्याच्या कडेवर टेकले.

"तुझी आई तर मीच मारलं हेच मनात घेऊन गेली," ते म्हणाले.